फोनवरचा 'टॅक्सवाला' : ओळखावा कसा, कळवावे कुठे?

लग्नसराई लागली की गोंदियाच्या कापड बाजारात मान वर करायला फुरसत नसते. बालाघाटकडचे गिऱ्हाईक सकाळीच उतरलेले असते, आमगाव-सालेकसाची मंडळी दिवस मावळण्याआधी गाव गाठण्याच्या घाईत असतात, नागपूरच्या गांधीबागेतून आलेल्या गाठी अजून फोडायच्या असतात. नेमक्या अशा वेळी मोबाइल वाजतो. पलीकडून करड्या हिंदीत विचारणा होते, "आप दुकान के मालिक बोल रहे हैं? मैं इन्कमटॅक्स विभाग से बोल रहा हूँ. आपके पॅन पर केस बना है." मग तो माणूस तुमचा पॅन नंबर एकेक अक्षर वाचून दाखवतो, दुकानाचे नाव, पत्ता, नोंदणीची तारीख सांगतो आणि दोन तासांत अमुक रक्कम भरली नाही तर खाते गोठेल, पथक निघेल, असे बजावतो. समोर गिऱ्हाईक उभे असते. घाम पुसावा की कापड मोजावे, अशी गत होते.

असे फोन गेल्या दोन वर्षांत आमच्या दुकानावर तीनदा आले. शेजारपाजारी चौकशी केली तेव्हा कळले की जवळजवळ प्रत्येकाला एखादा तरी आलेला आहे. आपण होऊन मात्र कोणीच सांगितले नव्हते. बूट-चपलांचा दुकानदार, हार्डवेअरवाला, बांगड्यांचा व्यापारी, जो तो समजत होता की ही बला आपल्या एकट्यावरच आली आहे. खरा मसला इथेच आहे. ठगाला इंग्रजी येते, कॉम्प्युटर येतो, हे सगळे खरे. पण त्याचे मुख्य भांडवल आपले मौन आहे. कराचे नाव निघाले की माणूस बायकोलासुद्धा सांगत नाही, आणि ठग हे चांगले ओळखून असतो.

त्याला आपला पॅन कुठून कळतो?

हा प्रश्न सर्वांनाच पडतो आणि याच प्रश्नाने भलेभले गार होतात. उत्तर आपल्याच दुकानाच्या पाटीवर लिहिलेले आहे. जीएसटीची नोंदणी असलेल्या प्रत्येक दुकानाने आपला जीएसटी नंबर पाटीवर लावावा असा नियम आहे, आणि तो बिलावरही असतोच. हा नंबर 15 अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी 27. त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे मालकाचा किंवा फर्मचा पॅन, जसाच्या तसा. हा नंबर जीएसटीच्या सरकारी साइटवर टाकला की दुकानाचे नाव, पत्ता आणि नोंदणीची तारीख कोणालाही दिसते. त्यासाठी लॉगिनही लागत नाही. समोरची फर्म खरी आहे की नाही हे खरेदीदाराला पाहता यावे, म्हणून ही सोय मुद्दाम केलेली आहे. तेव्हा फोनवर कोणी पॅन वाचून दाखवला तर त्यावरून तो साहेब ठरत नाही. रस्त्यावरून जाणारा कोणीही तो वाचून दाखवू शकतो.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे, पण लिहिणे भाग आहे. आपल्यापैकी कित्येकांची जीएसटीची आणि इन्कमटॅक्सची नोंदणी वकिलाने किंवा अकाउंटंटने करून दिलेली आहे, आणि करताना मोबाइल नंबर व ई-मेल त्यांनी स्वतःचाच टाकलेला आहे. त्यांची नीयत वाईट नसते. ओटीपीसाठी दर वेळी दुकानदाराच्या मागे फिरण्याचा त्रास वाचतो, इतकेच. परंतु परिणाम असा होतो की सरकारची खरी नोटीस वकिलाच्या मोबाइलवर जाते आणि ठगाची खोटी नोटीस आपल्या मोबाइलवर येते. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात खरी नोटीस पाहिलेली नाही, त्याने खोटी ओळखावी कशी? आमचे प्रत्येक दुकानदाराला कळकळीचे सांगणे आहे की, या आठवड्यातच वकिलाकडे जा आणि दोन्ही साइटवर पहिला मोबाइल नंबर आपला स्वतःचा किंवा घरातल्या शिकलेल्या मुलामुलीचा टाकून घ्या. वकिलाचा दुसरा नंबर म्हणून खुशाल राहू द्या. लॉगिनचा पासवर्ड कागदावर लिहून घरी ठेवा. तो तुमचा आहे, मागायला संकोच कसला?

मीरा रोडचा कारखाना

हे फोन करतो कोण? याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. 4 ऑक्टोबर 2016 च्या रात्री ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरवर छापा घातला. आत सातशेहून अधिक तरुण मुलेमुली होती. काम एकच : अमेरिकेत फोन लावायचा, तिकडच्या धाटणीचे इंग्रजी बोलायचे, अमेरिकन नाव सांगायचे आणि 'मी आयआरएसमधून, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्यातून बोलतो आहे, तुमच्याकडे कर थकला आहे, आत्ता भरला नाही तर पोलीस येतील' असे धमकावायचे. बोलायचे वाक्य न वाक्य कागदावर लिहून दिलेले असे. घाबरलेल्या माणसाला दुकानात जाऊन गिफ्ट कार्ड विकत घ्यायला लावत आणि त्यावरचा नंबर फोनवर विचारून घेत. नंबर दिला की पैसा गेला.

या धंद्याची मुळे अहमदाबादेतही होती. त्याच महिन्यात, 27 ऑक्टोबर 2016 रोजी, अमेरिकेच्या न्याय खात्याने 56 व्यक्ती आणि अहमदाबादेतील 5 कॉल सेंटर यांच्यावर आरोपपत्र जाहीर केले. फसलेल्या माणसांचा त्यांनी दिलेला आकडा किमान 15,000 होता आणि नुकसान कोट्यवधी डॉलर्सचे. जुलै 2018 मध्ये या प्रकरणात अमेरिकेतील 21 साथीदारांना शिक्षा झाल्या, सर्वांत मोठी 20 वर्षांची. मीरा रोडच्या प्रकरणात ज्याचे नाव सूत्रधार म्हणून घेतले जात होते, त्याला एप्रिल 2017 मध्ये दुबईहून परतल्यावर मुंबई विमानतळावर पकडण्यात आले.

आम्हाला या प्रकरणात दोन गोष्टी विचार करण्यासारख्या वाटतात. फसलेली माणसे अडाणी नव्हती. ती अमेरिकेत राहणारी माणसे होती. त्यांचे खरे कर खाते साधारणपणे आधी टपालाने पत्र पाठवते, अशी धमकी देऊन गिफ्ट कार्ड मागत नाही, हे त्यांनाही भीतीपोटी आठवले नाही. म्हणजे उर्दू माध्यमात शिकलो, इंग्रजी कच्चे राहिले, म्हणून आपण फसतो, ही समजूत काढून टाकावी. भीतीला भाषा नसते.

दुसरी गोष्ट त्या मुलांची. महिन्याच्या पगारासाठी आलेली साध्या घरातली मुले होती ती. आज असाच धंदा कंबोडिया, म्यानमारच्या सरहद्दीवर चालतो आणि 'डेटा एंट्रीची नोकरी' म्हणून आपल्याकडची मुले तिकडे नेली जातात. मार्च 2025 मध्ये भारत सरकारने म्यानमारच्या अशा अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. मुलाला परदेशी नोकरी लागली म्हणून पेढे वाटण्याआधी कंपनी कोणती, गाव कोणते, व्हिसा कोणता, याची चौकशी बापाने करावी.

मेसेज, लिंक आणि उजवीकडून वाचायचा पत्ता

फोनपेक्षा मेसेज जास्त येतात. रिटर्न भरण्याचा मोसम संपला की 'तुमचा रिफंड मंजूर झाला आहे' असे मेसेज सुरू होतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये देशभर एक मेसेज फिरला होता : 15,490 रुपयांचा रिफंड मंजूर, खाते नंबर चुकीचा असेल तर खालच्या लिंकवर दुरुस्त करा. त्यात एक खाते नंबरही दिलेला होता, अर्थातच वाचणाऱ्याचा नसलेला. पत्र सूचना कार्यालयाच्या सत्य-पडताळणी विभागाने हा मेसेज खोटा असल्याचे जाहीर केले. रक्कम किती हुशारीने निवडली होती पाहा. लाख लिहिले असते तर कोणी विश्वास ठेवला नसता. पंधरा हजार चारशे नव्वद म्हटले की माणूस म्हणतो, असेल बुवा.

आमच्या ओळखीचे एक गादी-रजई भरणारे कारागीर आहेत. कर बसेल एवढी कमाई नाही, पण बँकेच्या कर्जासाठी रिटर्न भरतात. त्यांना असाच रिफंडचा मेसेज आला. लिंक उघडली, कार्डाचा नंबर भरला, ओटीपी आला तोही भरला. थंडीच्या आधी कापूस भरून ठेवायला जमवलेले 42 हजार रुपये दोन खेपांत गेले. त्यानंतर आठ दिवस त्यांनी कोणालाही सांगितले नाही. का, तर पोलीस विचारतील की टॅक्सचे काय प्रकरण आहे, मग काय जवाब द्यायचा? आठ दिवसांनी मुलाने पासबुक पाहिले तेव्हा घरात कळले, मग बँक, मग पोलीस. तोवर पैसा चार खात्यांतून फिरून रोखीने निघून गेला होता. त्या वर्षी त्यांनी कापूस उधारीवर उचलला आणि भाव जास्त पडला.

रिफंडची खरी रीत अशी : ज्या बँक खात्याची पडताळणी इन्कमटॅक्सच्या साइटवर आधीच झालेली आहे त्याच खात्यात तो आपोआप जमा होतो. त्यासाठी कार्ड नंबर, पिन, ओटीपी काहीही कोणाला द्यावे लागत नाही. खाते बदलायचे असेल तर आपण स्वतः साइटवर जाऊन बदलायचे असते, मेसेजमधल्या लिंकवरून नव्हे.

लिंक खरी की खोटी हे पाहण्याची एक युक्ती आम्ही आमच्या मुलांना शिकवली आहे. तिला आम्ही उर्दू वाचन म्हणतो, कारण पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. पत्त्याच्या सुरुवातीला दोन तिरक्या रेघा असतात, त्या सोडून द्या. त्यानंतर जी पहिली एकटी तिरकी रेघ येईल तिथे बोट ठेवा. रेघ नसेल तर पत्त्याच्या शेवटी ठेवा. तिथून डावीकडे वाचत या. सर्वांत आधी 'इन', मग डॉट, मग 'जीओव्ही', मग डॉट आणि मग 'इन्कमटॅक्स' आले पाहिजे. जीएसटीचेही तसेच : 'इन', 'जीओव्ही', 'जीएसटी'. ठग काय करतात, तर सुरुवातीला इन्कमटॅक्स, जीओव्ही, इन असे सगळे शब्द लिहितात आणि शेवटी डॉट कॉम किंवा डॉट ऑनलाइन जोडतात. डावीकडून वाचणारा फसतो, उजवीकडून वाचणारा वाचतो. याहून उत्तम म्हणजे लिंकला हातच लावू नये. साइटचा पत्ता स्वतः टाइप करावा.

मे 2025 पासून दूरसंचार नियामकाच्या नियमाने व्यापारी व सरकारी मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर येते. सरकारी मेसेजला 'जी', जाहिरातीला 'पी'. खुणेचा उपयोग जरूर करावा. मात्र दहा आकडी मोबाइल नंबरावरून किंवा व्हॉट्सॲपवरून 'इन्कमटॅक्स'चा मेसेज आला तर त्यात पुढे वाचण्यासारखे काही नाही. आणि एपीके नावाची फाइल, मग ती ई-चलनाच्या नावाने येवो, लग्नपत्रिकेच्या नावाने येवो की पॅनच्या नावाने, उघडूच नये. तिच्यातून मोबाइल दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि ओटीपी आपल्याआधी त्याला दिसतो. 'साहेब मदत करतात, हे एनीडेस्क टाका' असे कोणी म्हणाला तरी तोच प्रकार.

नोटीस हातात आली तर

आता खऱ्याविषयी. काही लोक सरळ सांगतात की सरकारी खाते कधी फोन करतच नाही. हे पूर्ण बरोबर नाही, आणि अशा अर्धवट सल्ल्याने माणूस उलट बाजूने अडचणीत येतो. इन्कमटॅक्सची छाननी 2020 पासून बहुतेक बिनचेहऱ्याची, म्हणजे फेसलेस झाली आहे. नोटीस पोर्टलवर येते, उत्तर पोर्टलवर द्यायचे असते आणि फाइल कोणत्या गावच्या साहेबाकडे आहे हे आपल्याला ठाऊकही नसते. तेव्हा 'मीच तुमच्या छाननीचा ऑफिसर, मिटवून टाकू' म्हणणारा बहुधा ठगच. परंतु जीएसटीचे निरीक्षक नोंदणीची जागा पाहायला खरोखर येतात, कधी फोनही करतात. त्यांना हाकलून लावणे शहाणपणाचे नाही. फोन आला एवढ्यावरून खरे-खोटे ठरवू नये. कागदाचा नंबर आणि पैसे मागण्याची रीत, या दोहोंवरून ठरवावे.

1 ऑक्टोबर 2019 पासून इन्कमटॅक्स खात्याच्या पत्रांवर एक दस्तावेज नंबर असतो. त्याला डीआयएन म्हणतात. तो खरा आहे की नाही हे खात्याच्या साइटवर, लॉगिन न करता, 'ऑथेंटिकेट नोटीस' या जागी पाहता येते. तिथे आपला मोबाइल नंबर टाकला की ओटीपी येतो. तो त्याच साइटवर टाकायचा, फोनवर कोणाला सांगायचा नाही. केंद्रीय जीएसटी खात्यानेही नोव्हेंबर 2019 पासून डीआयएन सुरू केला आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या साइटवर तपासता येतो. जीएसटी पोर्टलमधून निघालेल्या पत्रावर आरएफएन नावाचा संदर्भ नंबर असतो, तो जीएसटीच्या साइटवर तपासावा. कागदावर नंबर छापलेला आहे एवढ्याने समाधान मानू नये. फेब्रुवारी 2025 मध्ये मंडळानेच इशारा दिला होता की, बोधचिन्ह आणि बनावट डीआयएन घालून हुबेहूब खरे वाटणारे समन्स लोकांना पाठवले जात आहेत. नंबर साइटवर सापडला तरच तो नंबर. आपल्या लॉगिनमध्येही नोटीस दिसते का ते पाहावे.

पैशाची रीत तर आणखी सोपी. कर भरला जातो तो पोर्टलवर चलन तयार करून, आणि त्याची रसीद निघते. कोणाच्या मोबाइल नंबरावर, कोणाच्या क्यूआर कोडवर किंवा 'सुरक्षित सरकारी खात्या'वर कर भरला जात नाही.

दारात उभा राहणारा साहेब

फोनच्या आधीही ही ठगी होतीच. 17 मार्च 1987 रोजी मुंबईच्या एका मोठ्या इंग्रजी दैनिकात 'इंटेलिजन्स ऑफिसर' पाहिजेत अशी जाहिरात आली. मोहन सिंग नाव सांगणाऱ्या एका इसमाने ताज हॉटेलमध्ये मुलाखती घेतल्या, 26 उमेदवार निवडले आणि 19 मार्चला त्यांना बसमध्ये घालून ऑपेरा हाउसच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी पेढीवर 'सीबीआयचा छापा' घातला. वॉरंट दाखवले, दागिन्यांचे 'नमुने' बॅगांत भरले, पोरांना पहारा द्यायला सांगितले आणि निघून गेला. माल 30 ते 35 लाखांचा. तो इसम आजतागायत सापडला नाही. 2013 साली या घटनेवर 'स्पेशल 26' नावाचा चित्रपट निघाला. त्या 26 जणांना शेवटपर्यंत वाटत होते की आपण सरकारी नोकरीत लागलो.

आपली दुकाने झवेरींच्या पेढीएवढी नाहीत, पण दोन माणसे गाडीतून उतरून 'जीएसटी पथक' म्हणतील हे आजही शक्य आहे. अशा वेळी अदबीने बसवावे, पाणी द्यावे आणि ओळखपत्र व अधिकारपत्र पाहायला मागावे. हे मागणे तुमचा हक्क आहे, उद्धटपणा नाही. जीएसटीच्या तपासणीसाठी जॉइंट कमिशनर किंवा त्यावरील अधिकाऱ्याचे लेखी अधिकारपत्र लागते; त्या फॉर्मला आयएनएस-01 म्हणतात. इन्कमटॅक्सचा 'सर्व्हे' असेल तर त्यात रोकड किंवा माल उचलून नेण्याचा अधिकार नसतो. झडती वेगळी, तिला वॉरंट लागते, पंच लागतात आणि पंचनाम्याची प्रत मिळते. शिवाय झडतीच्या जागी दबाव आणून कर वसूल करू नये, अशी सूचना केंद्रीय मंडळाने 25 मे 2022 रोजी आपल्याच अधिकाऱ्यांना दिलेली आहे. सबब 'आत्ताच रोख द्या, केस बंद करतो' म्हणणारा एक तर तोतया आहे, नाही तर लाचखोर. दोन्ही वेळी गल्ला उघडायचा नसतो. वकिलाला फोन करावा, शेजारच्या दोन दुकानदारांना हाक मारावी. खरा अधिकारी साक्षीदारांना घाबरत नाही. तोतयासाठी कायदा कडक आहे : भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 प्रमाणे सरकारी नोकर असल्याची बतावणी करणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होते.

झेरॉक्स देताना

एक प्रकार असा आहे की त्यात फोनही येत नाही, मेसेजही येत नाही. आधार, पॅन आणि वीज बिलाच्या झेरॉक्सवर कोणीतरी आपल्या नावाने जीएसटी नंबर काढतो, कोट्यवधींची खोटी बिले फाडतो आणि पसार होतो. वर्ष-दोन वर्षांनी विडी वळणाऱ्या किंवा शिलाई करणाऱ्या माणसाच्या घरी खरीखुरी नोटीस येते. अशा बोगस नोंदण्यांविरुद्ध देशभर दोन खास मोहिमा झाल्या, एक मे ते जुलै 2023 आणि दुसरी ऑगस्ट ते ऑक्टोबर 2024. रोग केवढा पसरला आहे ते यावरून समजावे. जीएसटीच्या साइटवर 'सर्च बाय पॅन' या जागी आपला पॅन टाकला की त्यावर देशात कुठे कुठे नोंदणी आहे ते दिसते. कारागीर बंधूंनी वर्षातून दोनदा हे पाहावे. घरातल्या पोराला सांगितले तर दोन मिनिटांचे काम. अनोळखी नोंदणी दिसली तर पोर्टलवर आणि जीएसटी कार्यालयात लेखी तक्रार करावी व पोलिसांतही द्यावी. झेरॉक्स देताना तिच्यावर आडवे लिहावे, कशासाठी दिली आणि तारीख. कर्ज मेळाव्यात नुसती झेरॉक्स देऊन येणारे लोक पाहिले की आमचे काळीज धडधडते.

त्याचप्रमाणे 'दोन टक्के देतो, तुमच्या खात्यात पैसे येतील ते काढून द्या' म्हणणाऱ्यापासून मुलांना दूर ठेवावे. ठगाचा पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरतो, आणि पोलीस पहिला हात त्या खातेदारावर टाकतात.

पैसे गेले तर

इथे वेळ हीच सर्व काही आहे. लुधियानाचे एस. पी. ओसवाल हे वर्धमान या सूतगिरण्यांच्या मोठ्या उद्योगाचे प्रमुख. आपल्या कापड धंद्यातले नामांकित नाव. ऑगस्ट 2024 मध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी, त्यांना खोट्या सीबीआय अधिकाऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटके'त ठेवले, सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवली आणि 7 कोटी रुपये काढून घेतले. ओसवाल गप्प बसले नाहीत. त्यांनी लगेच पोलिसांत तक्रार दिली आणि 7 कोटींपैकी 5 कोटी 25 लाख परत हाती लागले. पुढे ते स्वतः वर्तमानपत्रांशी उघडपणे बोलले. एवढा मोठा माणूस लाजला नाही, तर आपण कशाला लाजावे? कायद्यात 'डिजिटल अटक' नावाची चीजच नाही, हे पंतप्रधानांनीही 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये सांगितले होते.

पैसे गेल्याचे कळताच 1930 या नंबरावर फोन करावा. रात्र असली तरी करावा. तिथे बँकेचे नाव, खाते नंबर, किती वाजता किती रक्कम गेली आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर विचारतात. तो निरोप तत्काळ पुढच्या बँकेला जातो आणि रक्कम त्या खात्यात शिल्लक असेल तर ती रोखून धरतात; पुढे सरकली असेल तर त्यापुढच्या बँकेला निरोप जातो. हा ठगाच्या आणि निरोपाच्या शर्यतीचा मामला आहे. पहिल्या तासाचा निरोप आणि आठव्या दिवसाचा निरोप यांत काय फरक, ते गादीवाल्यांना विचारा. सोबत आपल्या बँकेलाही कळवून तक्रारीचा नंबर घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, ओटीपी आपणच दिला असेल तर कळवण्याआधीचे नुकसान आपले, पण कळवल्यानंतर गेलेला पैसा बँकेच्या माथी. म्हणून कळवल्याची वेळ लेखी हवी.

पैसे गेले नाहीत, नुसता फोन किंवा मेसेज आला, तरीही कळवावे. दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' साइटवर मार्च 2024 पासून 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथे तो नंबर नोंदवता येतो. इन्कमटॅक्सच्या नावाने आलेला ई-मेल 'वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन' या पत्त्यावर पुढे पाठवावा. हा नंबर बंद झाला तर पुढचा फोन कदाचित देवरीच्या एखाद्या शिंप्याला जाणार नाही.

1930 नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करावी आणि तिची पोच घेऊन आपल्या पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या सायबर शाखेत जावे. 'पैसे दुसऱ्या राज्यात गेले, तिकडे जा' असे म्हणता येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी खबर नोंदवून घ्यावी लागते. रोखलेली रक्कम परत मिळायला दिवस लागतात, म्हणून कागद जपावेत : बँकेचे स्टेटमेंट, मेसेजचे स्क्रीनशॉट, फोन आल्याची वेळ, ठगाचा नंबर. मेसेज रागाने पुसून टाकू नये, तोच पुरावा आहे. अर्ज मराठीत किंवा हिंदीत साध्या कागदावर चालतो. ज्या बुजुर्गांना फक्त उर्दू लिहिता येते त्यांनी नातवाकडून लिहून घ्यावा, सही आपल्या लिपीत करावी आणि दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का व तारीख घेऊनच घरी यावे.